पन्नास घोड्यांचा कागद

१

काटा सापडला तो सोमवारी सकाळी सव्वादहाला. मोजणीच्या खोलीत, दारापासून दोन हातांवर, पालथा, मेलेला. कानांवर आवाज अडवणारे जाड इअरमफ तसेच होते. खोलीच्या मधोमध लाल स्पोर्ट्स कार रोलरवर पट्ट्यांनी आवळून उभी होती, इंजिन बंद. आणि प्रिंटरच्या तबकात एक ताजा कागद: ट्यूनिंगच्या आधी तीनशे दोन, नंतर तीनशे बावन्न. पन्नास घोडे जास्त. वेळ नऊ चाळीस.

मी तिथं पोचले गुरुवारी. वीस वर्षं मी इंजिनांच्या चाचणीत काढली आणि आता विमा कंपनीसाठी अपघातांची कारणं शोधते. पोलिसांनी फाइल बंद केली होती. धूर कोंडला, माणसाला घेरी आली, त्यानं इंजिन बंद केलं, पण दारापर्यंत पोचला नाही. मृत्यू सात ते दहाच्या दरम्यान, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलेलं. कागदावर नऊ चाळीस होतंच, मग कोण जास्त विचार करतो?

त्या खोलीला डायनोची खोली म्हणत. गाडी रोलरवर चढवायची, जागच्या जागी पूर्ण ताकदीनं पळवायची, आणि इंजिनात किती घोड्यांचं बळ आहे ते संगणक सांगतो. भिंतींना काळा स्पंज, बोळाकडे जाड काचेची एक खिडकी. दार कंपनांनी उघडायचं म्हणून त्याला बाहेरून खिट्टी बसवलेली. धूर ओढणाऱ्या पंख्याचं बटणसुद्धा बाहेर, बोळातच. आतल्या झरोक्याच्या जाळीला एक निळी फीत बांधली होती; पंखा चालू असला की ती जाळीकडे ताणली जायची.

गाडीचा विषारी वायू गाळणारा डबा काढून तिथं सरळ नळी बसवलेली होती. ‘ताकद वाढते’ म्हणून.

काट्याचं खरं नाव फाइलीत होतं, पण गॅरेजात सगळे त्याला काटाच म्हणायचे. तराजूच्या काट्यासारखा, अर्ध्या घोड्याचीही सूट द्यायचा नाही. सोमवारी पंख्याचं बटण बंद सापडलं होतं. ‘चालू करायला विसरला,’ असं पोलिसांनी लिहिलं होतं.

दार उघडं ठेवूनही त्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला तो या वाक्यानं. अर्धा घोडा न सोडणारा माणूस पंखा विसरतो?

२

गॅरेज दोघा नवरा-बायकोचं. नवरा उस्ताद, इंजिनाला हात लावला की ते बोलतं, अशी त्याची ख्याती. बायको पुढचं ऑफिस सांभाळायची. काटा तिचा धाकटा भाऊ. तिला सगळे ताई म्हणत, मीही म्हणाले.

ऑफिसात चहाचे कप धुऊन पालथे घातलेले होते आणि ताई तेच कप पुन्हा धुवत होती.

“तुम्हालाच सापडला ना?”

“हो. गाडीचा मालक दहाला यायचा होता. सव्वादहा झाले तरी काटा बाहेर येईना, म्हणून मागे गेले. दार ढकललं आणि...” तिनं कप ठेवला. “पाय लटपटले माझे. गाडीच्या बॉनेटवर हात टेकला म्हणून पडले नाही. पत्रा असा गार लागला, बाई, की मला वाटलं मी त्यालाच हात लावलाय.”

“गॅरेज उघडलं कोणी?”

“मीच, साडेआठला. काट्याकडे मागच्या दाराची चावी असायची, तो पहाटेच येऊन बसायचा. मी कुलूप काढायच्या आधीच चिपवाला, ताकद वाढवायच्या चिपा पुरवतो तो, पायरीवर उभा होता. मग आम्ही इथंच बसलो. सव्वादहापर्यंत तो हललासुद्धा नाही.”

“मागून गाडीचा आवाज आला?”

ती अडखळली. “आला असणार. चिपवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘नऊ चाळीस. ऐकलंत का ताई, काट्यानं गाडी रोलरवर पूर्ण ताकदीनं ओढली बघा.’ मी हो म्हणाले. गॅरेजात इतके आवाज असतात.”

“आणि उस्ताद?”

आता तिनं दाराकडे पाहिलं. नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजाआडून ती पुटपुटली, “हे नऊपर्यंत घरीच होते.”

“ताई, पोलिसांना तुम्ही तेच सांगितलंत. मला खरं सांगा.”

नळ तसाच सोडून ती माझ्याकडे वळली. “साडेसहालाच गेले. कुठं ते सांगत नाहीत. आदल्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. काटा म्हणाला, ‘दाजी, पन्नास घोडे कुठल्या तबेल्यातून आणले ते दाखवा, नाहीतर मी सगळ्या गिऱ्हाइकांना कळवतो.’ हे म्हणाले, ‘पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा राहा.’” तिनं माझं मनगट धरलं. “बाई, माझ्या भावाचा काटा कुणी काढला ते मला कळायला हवंय. आणि कळायला नकोय.”

३

उस्ताद गाडीखाली होता. बाहेर यायला त्यानं भरपूर वेळ घेतला.

“सोमवारी सकाळी कुठं होतात?”

“घरी. नऊपर्यंत.”

“आणि ताई?”

त्याचा चेहरा झर्रकन बदलला. “तिला यात ओढू नका. ती साडेआठच्या आधी इथं फिरकली नव्हती. लिहून घ्या.”

मी तिच्याबद्दल संशय घेतलाच नव्हता. तो मात्र न विचारता साक्ष देत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात दोन माणसं एकमेकांना वाचवतायत, कारण दोघांनाही दुसऱ्याची भीती वाटतेय. गॅरेज बुडू नये म्हणून हिशेब सांभाळणाऱ्या बायकोनंच भावाला संपवलं, असं त्याच्या मनात आलं असणार.

लाल गाडीचा मालक दातांचा डॉक्टर होता. मी त्याच्या दवाखान्यात गेले. शनिवारी त्यानं काट्याला सगळ्यांसमोर दम दिला होता, ते त्यानं नाकारलं नाही.

“मला म्हणे, ‘तुमची गाडी जेमतेम दहा-बारा घोड्यांनी वाढलीय.’ अहो, पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते! मला जाणवतं ना!”

“आवाज वाढला की वेगही वाढल्यासारखा वाटतो, डॉक्टर. आणि चिपमुळे पॅडल हलकं होतं. अर्धं दाबलं की गाडी पाऊण दाबल्यासारखी उसळते. पूर्ण दाबल्यावर सगळं तेवढंच.”

सोमवारी सातपासून दहापर्यंत तो दाढदुखीच्या रुग्णांत होता. त्याच्या मदतनीस बाईंनी नोंदवही दाखवली.

उरला चिपवाला. इंजिनाच्या संगणकात घालायचा प्रोग्रॅम आणि नळ्यांचा संच तो गॅरेजांना पुरवायचा. त्याच्या जाहिरातीत एकच ओळ असायची: ‘पन्नास घोडे, कागदासकट.’ माणूस लोण्यासारखा मऊ. काट्याचं नाव निघताच त्याचे डोळे भरले.

“सोन्यासारखा पोरगा, मॅडम. जरा संशयी, एवढंच. पण शेवटी त्यानंच पन्नास मोजले ना! हा त्याचा शेवटचा कागद, मी फ्रेम करून लावणार आहे.”

मी कागदाची प्रत मागितली. आकड्यांखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या, ज्या कुणीच वाचत नाही. हवेचं तापमान चव्वेचाळीस. हवेचा दाब एक हजार तीन.

सोमवारी सकाळी वादळ येत होतं. माणसं स्वेटर घालून फिरत होती.

मी प्रत घडी करून फाइलीत ठेवली. हा कागद काट्याचा नव्हता.

४

यातली मेख साधी आहे. डायनोच्या खोलीत हवेचं तापमान मोजणारा एक छोटा दांडा असतो. हवा गरम असेल तर ती विरळ असते, इंजिनाला श्वास कमी मिळतो. तेव्हा संगणक कनवाळूपणे आकडा थोडा वाढवून देतो. त्या दांड्यावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडली, की संगणक फसतो. इंजिन थंड हवा खातं आणि कागदावर फुकटचे पंधरा-सोळा घोडे उगवतात. शिवाय ‘आधी’चा आकडा बॉनेट बंद ठेवून, तापलेल्या इंजिनावर काढला, की तोही खाली येतो. दोन्हीकडून ताणलं की अकराचे पन्नास होतात.

काट्याला ही मेख माहीत होती. तो ही लबाडी करणार नव्हता. मग शेवटची ओढ, म्हणजे मोजणीची फेरी, त्याच्या प्रेतासमोर कुणीतरी दुसऱ्यानं घेतली होती.

शुक्रवारी दुपारी तीनला मी गॅरेजात गेले. संगणकातल्या जुन्या नोंदी बघायच्या होत्या, आणि तो संगणक उस्तादपेक्षाही चिपवाल्याला जास्त कळतो असं ताई म्हणाली. तो पुढच्या ऑफिसातच बसला होता. “चला मॅडम, दाखवतो ना!”

लाल गाडी अजून रोलरवरच होती, बॉनेट उघडलेलं. मी नोंदी चाळल्या. सोमवारची एकच नोंद. काटा पहाटेच आला होता आणि नोंद एकच?

आणि मग मी चूक केली. मनातला प्रश्न तोंडातून निसटला.

“ही वेळ हातानं बदलता येते का हो?”

चिपवाला हसला. “येते ना, नावाबरोबर. टाइप करायची.”

“आणि हवेचा दाब?”

“तो तर यंत्रच आपलं आपण टिपतं. का?”

“सहज.”

“थांबा, तुम्हाला प्रत्यक्षच दाखवतो.” त्यानं गाडीत वाकून बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं, छातीच्या पिंजऱ्यात घुमलं. त्यानं गाडीचं दार लावलं आणि ओरडून म्हणाला, “मी पंख्याचं बटण दाबून आलोच!”

खोलीचं जड दार त्याच्यामागे मिटलं. झरोक्यावरची निळी फीत क्षणभर ताणली गेली. मला बरं वाटलं.

मग ती सैल झाली, आणि खाली लोंबली.

५

मी दारावर धावले. खिट्टी बाहेरून लागली होती. मुठी आपटल्या, स्पंजानं सगळा आवाज गिळला. खिडकीच्या काचेबाहेर रिकामा बोळ. त्या इंजिनाच्या आवाजात मी किंचाळले तरी मलाच ऐकू आलं नसतं.

इंजिन बंद करायला गाडीकडे पळाले. सगळी दारं कुलूपबंद. काचा वर. चावी आत नव्हती.

या वायूला वास नसतो. धुराला असतो, पण जे मारतं त्याला नसतो. काट्याची पाठ झरोक्याकडे होती, कानांवर इअरमफ होते. पंखा बंद पडलेला त्याला कळलंच नसेल. पाय सुटेपर्यंत कळलं नसेल. माझ्या कपाळात ठणका सुरू झाला होता. माझी मुलगी संध्याकाळी फोन करणार होती, आणि मला राहून राहून एवढंच सुचत होतं की फोन पर्समध्ये आहे आणि पर्स ताईच्या टेबलावर.

मी गाडीच्या नाकाचा आधार घेतला आणि समोर इंजिन थरथरताना दिसलं. घोडे तीनशे असोत की साडेतीनशे, श्वास सगळ्यांनाच लागतो.

‘ताकद वाढावी’ म्हणून लावलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर उघडाच होता. मी दोन्ही हातांनी तो पिळला. हलेना. पुन्हा. बोटांची सालं निघाली, आणि तो उपटून हातात आला. उघड्या नळीच्या तोंडावर मी फाइलीचा पुठ्ठा धरला. नळीनं तो असा खेचून घेतला, जणू कुणी आतून ओढतंय. इंजिन खोकलं, गदगदलं.

थांबलं.

त्या शांततेनं मी जास्त घाबरले. कारण ती शांतता बाहेरही ऐकू गेली असणार.

मी रांगत दाराच्या फटीशी गेले आणि तोंड टेकवलं. बोळात पावलं वाजली. सावकाश, जड. दाराशी थांबली. हातात काही असावं म्हणून मी फिल्टरच घट्ट धरला.

खिट्टी सरकली.

६

दारात उस्ताद होता. मी मागे सरकले. त्याच्या हातात मात्र पाना नव्हता, एक घडी घातलेला कागद होता.

“गाडी अशी गुदमरून बंद पडली, म्हणून आलो,” तो म्हणाला आणि मला बघून पांढराफटक पडला. “बाई! खिट्टी कुणी लावली?”

त्यानं मला मागच्या अंगणात नेलं. दहा मिनिटं मी नुसता श्वास घेत होते. तो हातातला कागद माझ्यापुढे धरून उभा होता. “हा तुम्हाला द्यायला निघालो होतो. आता लाज धरून काय करायचंय.”

मी कागद वाचला. मग आम्ही पुढच्या ऑफिसात गेलो.

चिपवाला ताईसमोर चहा पीत होता. मी आत आले तेव्हा तो तिला सांगत होता, “ऐकलंत का ताई? मघाशी मॅडमनी गाडी चालू केली होती बघा.” मला पाहून कप त्याच्या ओठांशीच राहिला.

“मॅडम! काय झालं? मी तर पंखा लावून आलो.” त्यानं उस्तादकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि आवाज बारीक केला. “मागे तर उस्तादच होते.”

ताईच्या घशातून आवाज फुटला. तिला चार दिवस ज्याची भीती होती ते कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं.

“बसा सगळे,” मी म्हणाले. माझा आवाज कापत होता, तो मी कापू दिला. “ताई, सोमवारी सव्वादहाला तुम्ही बॉनेटवर हात टेकलात. पत्रा गार होता. पस्तीस मिनिटांपूर्वी पूर्ण ताकदीनं ओढलेल्या गाडीचा पत्रा हाताला चटका देतो. म्हणजे नऊ चाळीसला गाडी चाललीच नाही. तुम्ही ऐकलं नाहीत; तुम्हाला ‘ऐकलंत का’ असं विचारलं गेलं.”

चिपवाला हसायला गेला. “अहो, कागदावर वेळ आहे!”

“वेळ टाइप करता येते, हे तुम्हीच सांगितलंत. दाब टाइप करता येत नाही. कागदावर दाब एक हजार तीन आहे. सोमवारी वादळ येत होतं, दाब झपाट्यानं उतरत होता. विमानतळाच्या हवामान खात्याला मी सकाळी फोन केला होता. नऊ चाळीसला दाब नऊशे चौऱ्याण्णव होता. एक हजार तीन होता पावणेआठच्या सुमारास. काटा तेव्हा मेलेला होता आणि कुणीतरी दांड्यावर गरम हवा सोडून पन्नास घोडे काढत होतं.”

“मग विचारा उस्तादला, पावणेआठला कुठं होता!”

“विचारलं.” मी घडी उलगडली. “हा कागद शेजारच्या गावातल्या डायनोचा. सोमवार, सात पन्नास. दाब एक हजार तीन. गाडी उस्तादची स्वतःची. तिथला मोजणारा माणूस शेजारी उभा होता, त्याची सही आहे.”

उस्ताद खाली बघत म्हणाला, “काट्यानं तबेल्याचं काढलं ना, ते रात्रभर डोक्यात फिरत होतं. त्याच्यासमोर हरायचं नव्हतं. म्हणून चोरून दुसरीकडे मोजायला गेलो. हीच चिप, ह्याच नळ्या.” त्यानं ताईकडे पाहिलं. “अकरा निघाले. अकरा. काट्याला सांगायचं ठरवून परत आलो, आणि इथं पोलिसांची गाडी उभी.”

“ताईंना गाडी चालवता येत नाही,” मी पुढे म्हणाले. “दातांचा डॉक्टर दवाखान्यात होता. साडेआठपासून ज्याची साक्ष पक्की आहे, पण पावणेआठची कुणालाच माहीत नाही, असा एकच माणूस उरतो. साडेआठला पायरीवर उभा राहिलेला. नुसता काटा मेला असता तर तो अपघातच ठरला असता. पण तुम्हाला त्याच्या नावाचा कागद हवा होता. ज्यानं आयुष्यात खोटं मोजलं नाही त्याची मोहर, मेल्यावर का होईना.”

“हे सगळे तर्क आहेत, मॅडम.”

“आज लाल गाडी चालू असताना सगळी दारं कुलूपबंद झाली. ते चावीशिवाय होत नाही. खिसा रिकामा करा.”

तो उठला. उस्ताद दारात जाऊन उभा राहिला. मग चिपवाल्यानं खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली, चहाच्या कपाशेजारी, अगदी हळू.

“चाळीस गॅरेजांत माझा संच आहे,” तो म्हणाला. मऊपणा कुठल्या कुठे गेला होता. “त्या हट्टी पोरानं अकराचा कागद सगळीकडे पाठवला असता. मला त्याला मारायचं नव्हतं. नुसती घेरी यावी, तासभर पडून राहावा...”

“खिट्टी लावून?” ताईनं विचारलं.



७

पोलिस त्याला घेऊन गेले तेव्हा पाच वाजले होते. संगणकातून पुसलेल्या काट्याच्या पाच नोंदी पुढे त्यांच्या माणसानं परत मिळवल्या: दहा, अकरा, अकरा, बारा, अकरा.

मी पर्स उचलायला ऑफिसात गेले. ताई आणि उस्ताद टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. कुणीही दिवा लावला नव्हता.

“तुला वाटलं, मी,” उस्ताद म्हणाला.

“हो.”

“मलाही वाटलं, तू.”

“माहीत होतं मला,” ताई म्हणाली. “मंगळवारी तुम्ही माझ्या हातचा चहा घेतला आणि आधी वास घेतलात.”

मी दारातच थबकले, पाऊल उचलवेना.

“तरी प्यायलात,” ती म्हणाली.

“प्यायलो.”

“का?”

त्यानं खुर्ची ओढून तिच्या बाजूला आणली. जवळ बसला, पण तिला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.

“तू नसशीलच, असं मनात येऊन जायचं,” तो म्हणाला. “अधूनमधून.”

ताई रडायला लागली, चार दिवसांत पहिल्यांदा. ती भावासाठी रडत होती की त्या ‘अधूनमधून’साठी, ते मला कळलं नाही. मी दार ओढून घेतलं. पुरतं नाही, जरा उघडंच ठेवलं, आणि रस्त्यावर येऊन मुलीला फोन लावला.